हॉटेलच्या किचनमधले ग्लोव्हज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लोव्हज दिसले की स्वच्छता झाली, असं गिऱ्हाइकालाही वाटतं आणि मालकालाही. खालची उत्तरं वाचताना एवढंच ध्यानात ठेवा की ग्लोव्ह म्हणजे गणवेशाचा भाग नव्हे. चिमटा किंवा झारा असतो तसं ते अवजार आहे. एका कामासाठी हातात घ्यायचं, काम झालं की सोडायचं.

सरळ सांगा, ग्लोव्हज घालायचे की नाही?

जो पदार्थ यापुढे शिजणार नाही, धुतला जाणार नाही आणि थेट खाणाऱ्याच्या तोंडात जाणार आहे, त्याला उघडा हात लागू नये. सॅलड, कापलेली फळं, सँडविच, केकवरची सजावट, भाजून झालेल्या मांसाचे काप हे सगळे त्यात येतात. पेल्यातला बर्फ आणि पेल्याच्या काठावर लावायची लिंबाची फोडसुद्धा येते, आणि नेमकी तीच विसरली जाते.

मात्र "उघडा हात नको" याचा अर्थ "ग्लोव्हज हवेतच" असा होत नाही. चिमटा, डाव, बटर पेपर किंवा उलथणं यांनी काम भागत असेल तर तेच वापरावं. आमचा कल आधी चिमट्याकडेच असतो, कारण चिमट्याने कुणी नाक खाजवत नाही.

जे पुढे नीट शिजणार आहे, म्हणजे चिरायच्या भाज्या, मळायचं पीठ, त्याला धुतलेला हात पुरतो. कच्च्या मांसाला ग्लोव्हज घातले तर सोयीचं पडतं, पण तिथे खरं काम हात, पाट आणि सुरी धुण्याचंच आहे.

कायदा काय सांगतो?

देशोदेशी वेगळं सांगतो. अमेरिकेत एफडीए या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा "फूड कोड" हा नमुना नियम आहे आणि राज्यं तो आपापल्या सोयीने स्वीकारतात. खायला तयार असलेल्या पदार्थाला उघडा हात लावू नये असं त्यात आहे, पण ग्लोव्हजबरोबर चिमटा, कागद, उलथणं हे पर्यायही दिलेले आहेत. युरोपीय संघाच्या ८५२/२००४ या अन्नस्वच्छतेच्या नियमात हातमोज्यांची सक्ती नाही. भर आहे तो वैयक्तिक स्वच्छतेवर आणि प्रशिक्षणावर.

हा वाद किती चिवट आहे ते कॅलिफोर्नियात दिसलं. जानेवारी २०१४ पासून तिथे तयार पदार्थांना उघडा हात लावायला बंदी आली. सुशी वळणारे आणि बारमध्ये पेयं बनवणारे यांनी जोरात विरोध केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती तरतूद मागे घेतली गेली. तुमच्यासाठी मात्र तुमच्या परवान्याच्या अटींत काय लिहिलंय ते महत्त्वाचं. तपासणीला येणारा अधिकारी तेच बघणार.

हात साबणाने स्वच्छ धुतले असतील तर ग्लोव्हज कशाला?

कारण धुण्याने जंतू खूप कमी होतात, शून्य होत नाहीत. एरवी तेवढं पुरतं. पण नोरोव्हायरससारख्या विषाणूचे मोजके कण पोटात गेले तरी माणूस उलट्या-जुलाबांनी आडवा होतो. शौचालयातून आलेल्या हाताच्या नखाखाली तेवढे कण सहज राहतात.

दुसरा धोका स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा. सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असतो. हात नाकाला लागला, तोच हात अन्नाला लागला आणि ते अन्न काही तास कोमट राहिलं, की जंतू वाढून विष तयार करतो. पुन्हा उकळल्यावर जंतू मरतो, पण विष तसंच राहतं. म्हणून "गरम करून देऊ की" हा इलाज इथे चालत नाही.

आणि ग्लोव्हज घातल्यावर पुन्हा हात धुवायचे ते कशासाठी?

हा प्रश्न उलटा विचारायला हवा: न धुता घातलेले ग्लोव्हज स्वच्छ कसे राहतील? डब्यातून ग्लोव्ह ओढताना बोटं त्याच्या बाहेरच्या बाजूला लागतातच. न धुतलेल्या हाताने घातलेला ग्लोव्ह पहिल्या मिनिटालाच मळलेला असतो.

आत हात घामेजतो, ऊब मिळते, जंतूंना आयतं घर होतं. त्यात प्रत्येक ग्लोव्ह अखंड असतोच असं नाही. डब्यावर "एक्यूएल" असा आकडा छापलेला असतो. खेपेतल्या किती टक्के ग्लोव्हजना बारीक भोक असलं तरी खेप पास होते, त्याची ती मर्यादा. आकडा २.५ असेल तर शंभरातले दोन-तीन गळके निघणं नियमाला मान्य आहे. त्यामुळे दोन आकड्यांत निवडायचं झालं तर लहान आकडा घ्यावा.

प्रत्यक्षात काय होतं? अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या पाहणीत उपाहारगृहांतल्या कामगारांवर नुसती नजर ठेवली गेली. तासाला साधारण नऊ वेळा हात धुवायला हवेत असे प्रसंग येत होते आणि त्यांपैकी जेमतेम २७ टक्के वेळा ते नीट धुतले गेले. ग्लोव्हज घातलेले असताना हे प्रमाण आणखी खाली गेलं. त्यात नवल नाही. उघड्या हाताला चिकटपणा जाणवतो, वास येतो, धुवावंसं वाटतं. ग्लोव्ह ती जाणीवच घालवतो.

हात धुण्याची बरोबर रीत कोणती?

नळाखाली हात ओले करा, साबण घ्या आणि दहा ते पंधरा सेकंद जोरात चोळा. तळवे सगळेच चोळतात. राहतात ते अंगठे, बोटांच्या बेचक्या, नखांखालची जागा आणि मनगट. मग भरपूर पाण्याने धुवा. सगळं मिळून वीस सेकंदांच्या आत आटपलं असेल तर घाई झाली.

पाणी कोमट असलं तर तुपकट थर सुटतो आणि माणूस धुण्यात कुचराई करत नाही, एवढाच त्याचा उपयोग. हाताला सोसवेल अशा पाण्याने जंतू मरत नाहीत.

नंतर कागदी टॉवेलने हात पूर्ण कोरडे करा आणि त्याच टॉवेलने नळ बंद करा. खांद्यावरच्या फडक्याला पुसलात तर सगळी मेहनत पाण्यात गेली. ओल्या हाताला ग्लोव्ह चिकटतो, माणूस तो ओढतो आणि बोटाच्या टोकाशी फाडतो. सॅनिटायझर हा धुण्याला पर्याय नाही. तुपकट हातावर तो चालत नाही आणि नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा असर कमीच पडतो.

ग्लोव्हज किती वेळाने बदलायचे?

वेळेने नाही, कामाने. कच्च्यावरून तयार पदार्थाकडे वळलात, बदला. चेहरा, केस, कान, फोन, फ्रिजची मूठ, कचऱ्याच्या डब्याचं झाकण, खोक्याचा पुठ्ठा, पुसायचं फडकं यांपैकी कशालाही हात लागला, बदला. फाटला, बदला. शेंगदाणे, तीळ, अंडं, दूध, कोळंबी अशा ॲलर्जीच्या पदार्थाला हात लागला आणि पुढची ऑर्डर ॲलर्जी असलेल्या माणसाची आहे, तर आधी हात धुऊन मगच नवा घाला. सलग एकच काम चालू असलं तरी चार तासांच्या आत बदला.

सँडविचच्या काउंटरपाशी दोन मिनिटं उभं राहून बघा. कामगार ग्लोव्हज घालून ब्रेड कापतो. टोमॅटो संपला म्हणून खालच्या फ्रिजचं दार उघडतो, डबा काढतो, दार पायाने लावतो. चष्मा वर सरकवतो. प्रिंटरमधून ऑर्डरची चिठ्ठी फाडतो. सुरी ॲप्रनला पुसतो. मग सँडविच दोन्ही हातांनी दाबून कागदात गुंडाळतो. ग्लोव्ह एकदाही बदललेला नाही आणि समोरचं गिऱ्हाईक समाधानाने बघतंय. हाच माणूस उघड्या हाताने हे सगळं करत असता तर गिऱ्हाइकाने ओरडा केला असता.

यावर "वारंवार बदला" अशी पाटी लावून काही होत नाही. टोमॅटोचा डबा आधीच वर भरून ठेवा, चिठ्ठी फाडायला दुसरा माणूस द्या, फ्रिजला पायाने उघडणारी कडी बसवा. ग्लोव्ह बदलण्याचे प्रसंग कमी झाले तरच उरलेले पाळले जातात.

तेच ग्लोव्हज धुऊन किंवा सॅनिटायझर लावून वापरले तर?

नको. एकदाच वापरायचा पातळ ग्लोव्ह धुण्यासाठी बनवलेला नसतो. बारीक भोकातून पाणी आत शिरतं, पृष्ठभाग चिकट होतो, अल्कोहोलने काही प्रकार ठिसूळ होतात. भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे धुऊन वापरता येतात, पण ते मोरीपाशीच राहू द्यावेत. तयार पदार्थाकडे ते येता कामा नयेत.

गल्ल्यावर पैसे घेऊन त्याच हाताने वाढलं तर?

ग्लोव्हज असोत वा नसोत, चूकच. गल्ल्याला वेगळा माणूस द्या. माणूस एकच असेल तर पैसे उघड्या हाताने घ्यायचे आणि पदार्थ चिमट्याने द्यायचा. दर गिऱ्हाइकागणिक ग्लोव्ह बदलणं कुणालाच जमत नाही.

नायट्राइल, व्हिनाइल, लॅटेक्स की ते ढगळे पातळ प्लास्टिकचे?

काम बघून ठरवा.

ढगळे पॉलिथिनचे ग्लोव्हज पटकन घालता-काढता येतात, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या कामाला उत्तम: ब्रेड उचलणं, पेस्ट्री डब्यात ठेवणं. बारीक चिरायला ते घालू नयेत. बोटाच्या पुढे लोंबणारं टोक सुरीखाली येतं आणि प्लास्टिकचा तुकडा सॅलडमध्ये जातो.

व्हिनाइल स्वस्त म्हणून सगळीकडे दिसतो. तो फारसा ताणत नाही, म्हणून बेचक्यात आणि नखापाशी लवकर फाटतो. शिवाय व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक, आणि ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाची रसायनं घालतात आणि ते तेलकट-तुपकट पदार्थात उतरू शकतात. जपानमध्ये डब्यांतून विकल्या जाणाऱ्या तयार जेवणात डीईएचपी हे प्लास्टिसायझर सापडलं, त्याचं मूळ ग्लोव्हजमध्ये निघालं, आणि २००० साली असे ग्लोव्हज अन्नाच्या कामातून काढायला सांगण्यात आलं. चीज, लोणी, तळलेलं, मांस यांसाठी व्हिनाइल नकोच.

नायट्राइल हा सिंथेटिक रबराचा. तेलाला टिकतो, टोचलं तरी सहज फाटत नाही, हाताला घट्ट बसतो. तासन्‌तास हातानेच काम करायचं असेल तर आमची शिफारस हीच. जाडी ०.०८ ते ०.१२ मिलिमीटरच्या दरम्यान असली की बोटांना पुरेसा स्पर्शही कळतो.

लॅटेक्स हाताला सर्वांत छान बसतो, पण त्यातल्या नैसर्गिक रबराच्या प्रथिनांची ॲलर्जी काहींना जिवावर बेतते. ती घालणाऱ्याला होते, आणि त्या हाताने बनवलेलं खाणाऱ्यालाही होऊ शकते. ॲरिझोना, ओरेगॉन, ऱ्होड आयलंड अशा काही अमेरिकन राज्यांत अन्नाच्या कामाला लॅटेक्स बंदच आहे. नायट्राइल असताना लॅटेक्स घेण्याचं कारण उरत नाही.

कुठलाही घ्या, डब्यावर अन्नासाठी योग्य असल्याची खूण हवी (युरोपीय मालावर पेला आणि काटा असं चित्र असतं) आणि तो बिनपावडरीचा हवा. रंग निळा असावा. निळा खाद्यपदार्थ जवळपास नसतोच, त्यामुळे तुटलेला तुकडा लगेच डोळ्यात भरतो.

साइज कसा निवडायचा?

सगळ्यांसाठी एकच "लार्ज" मागवणं ही नेहमीची काटकसर, आणि ती महागात पडते. ढिला ग्लोव्ह सुरीत अडकतो, घट्ट ग्लोव्ह फाटतो आणि हात दुखवतो. नायट्राइलमध्ये सपाट ठेवलेल्या ग्लोव्हच्या तळव्याची रुंदी स्मॉलला साधारण ८०, मीडियमला ९५ आणि लार्जला ११० मिलिमीटर असते. किमान दोन साइज ठेवा.

तवा, फ्रायर, स्लायसर, मिक्सर यांच्यापाशी?

आचेजवळ पातळ ग्लोव्हज घालू नयेत. पॉलिथिन आणि व्हिनाइल उष्णतेने मऊ होऊन कातडीला चिकटतात. साधा चटका बसला असता तिथे चिकटून भाजतं. गरम भांड्याला जाड कापडी किंवा सिलिकॉनचा हातमोजा वापरावा.

सुरीच्या कामाला, शिंपले उघडायला किंवा स्लायसरची पाती पुसायला न कापणारे विणलेले हातमोजे मिळतात. तयार पदार्थाला हात लावायचा असेल तर त्यावर साधा नायट्राइल चढवा, कारण विणीत अन्नाचे कण अडकतात. मात्र चालू यंत्रात, मग तो पीठ मळायचा मिक्सर असो की हाडं कापायची करवत, असा हातमोजा घालून हात नेऊ नका. तो कापला जात नाही, म्हणूनच हातासकट आत खेचला जातो.

नखं, नेलपॉलिश, अंगठी?

नखं बारीक कापलेली हवीत. नेलपॉलिश किंवा नकली नखं असतील तर अखंड ग्लोव्हजशिवाय अन्नाला हात नको. खड्याची अंगठी ग्लोव्ह फाडते. ती काढून ठेवा.

हाताला कापलंय, काम करू का?

साधी जखम असेल तर धुवा, कोरडी करा, निळी पाणीरोधक पट्टी लावा आणि वर ग्लोव्ह घाला. दोन्ही हवं. नुसती पट्टी लावली तर ती सुटून अन्नात जाते. पुवाळलेली जखम, गळू किंवा नखुरडं असेल तर अन्नाचं काम थांबवा, कारण पुवात बहुधा तोच स्टॅफिलोकॉकस असतो. काम चालू असताना रक्त आलं तर आसपासचा पदार्थ टाकून द्या. वेचून उरलेलं वापरू नका.

पोट बिघडलंय, पण ग्लोव्हज घालून येतो म्हणतो. येऊ द्यावं का?

नाही. उलट्या-जुलाब थांबल्यावर पुढचे ४८ तास घरी. त्याचा पगार कापलात तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

ग्लोव्हजमुळे हाताला खाज सुटते, कातडी सोलते. काय करावं?

गंमत अशी की शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे आले तेच मुळी हातांच्या काळजीपोटी. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेसाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले, कारण निर्जंतुक करायच्या द्रावणाने तिच्या हातांना इसब झालं होतं. रुग्णाचं संरक्षण हा हिशेब मागाहून आला.

बहुतेक वेळा दोष ॲलर्जीचा नसतो. ओल्या हातावर घातलेला ग्लोव्ह, साबणाचा राहिलेला अंश आणि आत साचलेला घाम कातडी भिजवून फुगवतात. हात पूर्ण कोरडे करा आणि सलग घालायचा वेळ कमी करा. घाम फार येत असेल तर आत पातळ सुती मोजा घाला आणि तोही ग्लोव्हबरोबर बदला. मलम कामाची पाळी संपल्यावर लावा. तरीही एक-दोन दिवसांनी मनगटाच्या काठापर्यंत नेमकी पुरळ उठत असेल, तर रबर पक्कं करायला वापरलेल्या रसायनांची ॲलर्जी असू शकते. ती नायट्राइलमध्येही असतात. त्वचेच्या डॉक्टरांना डबा दाखवा आणि त्या रसायनांशिवाय बनवलेले ग्लोव्हज मागवा. घातल्याघातल्या गांधी उठल्या, श्वास लागला आणि ग्लोव्ह लॅटेक्सचा असेल, तर तो पुन्हा घालायचा नाही.

भेगाळलेला हात हा फक्त त्या माणसाचा त्रास नाही. भेगांत जंतू ठाण मांडतात आणि दुखतं म्हणून माणूस हात धुणं टाळतो.

किती डबे मागवायचे?

तयार पदार्थाच्या जागेवर तासाला सहा वेळा बदल धरला तर आठ तासांच्या पाळीला ४८ जोड्या, म्हणजे ९६ ग्लोव्हज. शंभराचा एक डबा एका माणसाला एक दिवस. आकडा ऐकून मालक दचकतात. पण तिथे तो डबा आठवडाभर पुरत असेल तर ती बचत नव्हे. ग्लोव्ह बदललेच जात नाहीत, याचा तो पुरावा आहे. खर्च आणि प्लास्टिकचा ढीग दोन्ही खुपत असतील तर ग्लोव्हची कामं चिमट्याकडे वळवा. चिमटे जास्तीचे ठेवा, चार तासांच्या आत धुवायला टाका आणि त्यांची मूठ पदार्थात बुडू देऊ नका. डबे सिंकच्या वर नको, शिंतोडे उडतात. हात धुऊन वळल्यावर सहज हाताशी येतील असे भिंतीला लावा.

काढायची पद्धत असते का? आणि नव्या माणसाला शिकवायचं कसं?

असते. एका हाताने दुसऱ्या ग्लोव्हची मनगटाजवळची बाहेरची कड चिमटीत धरा आणि तो उलटा करत काढा. काढलेला ग्लोव्ह ग्लोव्ह असलेल्या मुठीत गोळा करा. आता मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या आतून, कातडीला लागून, मनगटात सरकवा आणि तोही उलटा ओढा. पहिला दुसऱ्याच्या पोटात जातो, मळकी बाजू आत राहते. कचऱ्यात टाका, हात धुवा. झटकून किंवा दातांनी ओढून काढू नका.

शिकवायला चमचाभर चॉकलेट सॉस पुरतो. ग्लोव्हज घातलेल्या हातांवर तो चोळायला सांगा आणि मग ग्लोव्हज काढायला लावा. पहिल्या खेपेला डाग बहुधा मनगटावर किंवा अंगठ्याच्या बुडाशी सापडतो. डाग न लागता सलग तीनदा काढता आले की माणसाला काउंटरवर उभं करा. वापरलेला एखादा ग्लोव्ह पाण्याने भरून, मनगटाशी पिळून, बोटं दाबून दाखवा. धार निघालीच तर ती नखाच्या टोकाशी किंवा बेचक्यात निघते.